साडूची हिरवळ

रविवारी सकाळी पेपर आला की माळीबुवा थेट खेळाचं पान उघडायचे आणि पहिल्या विभागाचा तक्ता खालून वर वाचायचे. सगळं जग तो वरून वाचतं; कोण पहिला, कोण दुसरा. माळीबुवांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. विसावा कोण? एकोणिसावा कोण? आणि अठरावा? मोसम संपला की फुटबॉल लीगच्या नियमाप्रमाणे हे तिघे दुसऱ्या विभागात उतरणार, आणि त्यांच्या साडूचा क्लब गेले पाच आठवडे ह्या तिघांत बसून होता. तो अजून तिथेच आहे ह्याची खात्री पटली की माळीबुवा चहाचा पहिला घोट घ्यायचे. मग तिसऱ्या विभागाचा तक्ता. तो मात्र वरून, कारण त्यात त्यांचा स्वतःचा क्लब होता, आणि वरचे दोन क्लब चढणार होते.

"झालं का समाधान?" बायको विचारायची.

"कसलं समाधान? बातम्या वाचतोय."

"बातम्या पहिल्या पानावर असतात."

माळीबुवा हे टोपणनाव क्लबातल्या लोकांनी पाडलेलं. तसे ते माळी नव्हते. कुणी गुलाबाच्या कलमाबद्दल विचारलं तर त्यांना राग यायचा. ते मैदान राखायचे. सव्वीस वर्षं एकच मैदान. कोणत्या कोपऱ्यात पाणी साठतं, कुठल्या स्टँडची सावली किती वाजता सरकते, कोणता खेळाडू पेनल्टी मारताना टाच कुठे रुतवतो, सगळं त्यांना पाठ. मॅच संपली की गर्दी दारं ढकलत बाहेर पडायची आणि हे एकटे आत शिरायचे, उखडलेले गवताचे गड्डे पायाने दाबत, पुटपुटत. पुटपुटणं बहुतेक शिव्यांचं असायचं, आणि त्या आपल्याच सेंटर फॉरवर्डला असायच्या.

त्यांचा एक नियम होता आणि तो अख्ख्या क्लबला ठाऊक होता. अवजारांच्या खोलीपाशी, मैदानावर जाण्याच्या वाटेत, त्यांनी एक मोठं उथळ घमेलं ठेवलं होतं. त्यात औषधाचं पाणी. मैदानावर पाऊल ठेवायचं तर आधी बूट त्यात बुडवायचे. गवताची बुरशी बुटांना चिकटून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर जाते, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की गोलकीपर त्यांची नक्कल करायचा. एकदा क्लबचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन तसेच आत निघाले, तर माळीबुवांनी त्यांना सगळ्यांदेखत परत बोलावलं. "अध्यक्षसाहेब, बुरशीला पद कळत नाही." अध्यक्ष निमूटपणे घमेल्यात उतरले. पाहुणेही उतरले. त्यात एक बाई होत्या, त्यांच्या पायात उघड्या चपला होत्या, त्याही उतरल्या.

आता साडूचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्टच नाही.

ह्या मैदानाचे आधीचे राखणदार म्हणजे माळीबुवांचे सासरे. त्यांना दोन मुली आणि दोन जावई. दोन्ही जावयांना म्हाताऱ्याने ह्याच मैदानावर काम शिकवलं. पहिल्या विभागातल्या मोठ्या क्लबाने एकदा त्यांच्याकडे माणूस मागितला. सगळ्यांना वाटलं, थोरला जाणार. म्हातारा म्हणाला, "धाकट्याला न्या. थोरला इथेच असू दे." कारण सांगितलं नाही आणि सांगण्याआधी वारला. झालं. माळीबुवांच्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत.

"बाबांना हे मैदान तुमच्याच हाती द्यायचं होतं," बायकोने त्यांना निदान चाळीस वेळा सांगितलं होतं. "आपली वस्तू माणूस जास्त भरवशाच्या माणसाकडे ठेवतो."

"आणि जास्त हुशार माणसाला बाहेर पाठवतो," माळीबुवा म्हणायचे. ह्या बाईने नवऱ्याशी वाद घालण्यात आयुष्यातली बरीच वर्षं घालवली होती, पण ह्या एका मुद्द्यावर तिने हात टेकले.

साडूकडे काय नव्हतं? हाताखाली सहा माणसं. बसून चालवायचं कापणीयंत्र. थंडीत ऊन कमी पडतं म्हणून गवतावर रात्रंदिवस फिरवायचे चाकांवरचे दिवे. हे दिवे पहिल्यांदा पाहिले तेव्हा माळीबुवांना दोन दिवस कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. छातीवर क्लबचं चिन्ह असलेलं जाकीट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे टीव्ही. दर आठवड्याला कॅमेरा वरून खाली यायचा आणि साडूची हिरवळ पडदाभर पसरायची, फिक्या-गडद पट्ट्यांची, पट्टीने आखल्यासारखी. समालोचक कधीकधी म्हणायचा, "मैदान काय सुंदर राखलंय!" असं म्हटलं की माळीबुवा उठून पाणी प्यायला जायचे.

बरं, साडूने मिरवावं ना! मिरवणाऱ्या माणसाला नावं ठेवता येतात. पण हा भेटला की मान खाली घालून म्हणायचा, "आमच्याकडे काय, साडूभाऊ, सगळं मशीनच करतं. खरी कला तुमची." ह्या वाक्याने तर माळीबुवांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दिवे ज्याच्याकडे आहेत त्याने कलेबद्दल बोलू नये.

तर तो मोसम. साडूचा क्लब पहिल्या मॅचपासून जो हरायला लागला तो हरतच राहिला. प्रशिक्षक बदलला, तरी हरला. इकडे माळीबुवांचा क्लब, ज्याच्याकडून कुणाला काडीची अपेक्षा नव्हती, घरच्या मैदानावर एकामागून एक मॅच जिंकत सुटला. बायकोच्या एक गोष्ट लक्षात आली.

"त्यांची टीम हरली की तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेता."

"थंडीत भूक लागते."

"गेल्या शनिवारी त्यांची बरोबरी झाली. थंडी तेवढीच होती. तुम्ही अर्धवट जेवून उठलात."

माळीबुवांनी पेपर उचलून तोंडापुढे धरला. 

मोसमाचे दोन-अडीच महिने उरले असताना एका शनिवारी ते टीव्हीसमोर बसले होते. साडूच्या क्लबावर तिसरा गोल झाला, कॅमेरा जाळीतल्या चेंडूवर गेला आणि तिथून गोलसमोरच्या गवतावर. माळीबुवा ताडकन उठले. गवतावर डाग होते. नाण्याएवढे, पिवळट-तपकिरी, आणि काही एकमेकांत मिसळून बशीएवढे झालेले.

"पाहिलंस? पाहिलंस का?"

"काय? गोल?"

"गोल गेला खड्ड्यात! गवत बघ!" आणि मग थोडं सावरून, भाबडा चेहरा करून ते म्हणाले, "बऱ्याच दिवसांत धाकटीकडे गेलो नाही आपण. सोमवारी जाऊन येऊ या का?"

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आणि बहिणीकडे जाऊ या असं हा माणूस पहिल्यांदा म्हणत होता. बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पण बहिणीला भेटायला मिळत होतं, म्हणून ती गप्प बसली.

सोमवारी माळीबुवा धुतलेला शर्ट, इस्त्रीची पँट आणि खाली कामावरचे बूट घालून निघाले. "चपला नाहीत का घरात?" बायको म्हणाली. "पाय दुखतो," ते म्हणाले. पाय दुखत नव्हता. त्यांना साडूच्या मैदानावर चालायचं होतं.

बहिणी घरी गप्पा मारत बसल्या आणि हे दोघे मैदानावर गेले. साडू वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तो माळीबुवांना आधी नवा पंप दाखवायला घेऊन गेला, मग दिव्यांची खोली, मग स्टँडमागे जोपासलेला राखीव हिरवळीचा पट्टा. गोलकडे काही नेईना.

"चला, जरा आत पाय मोकळे करू," माळीबुवा म्हणाले.

"आत्ताच पाणी मारलंय. बूट भरतील तुमचे."

"माझ्या बुटांची काय काळजी करता, साडूभाऊ! चिखलातच जन्म गेला आमचा." आणि ते निघालेसुद्धा. सरळ गोलपाशी. वाकले, बोटांनी गवत विंचरलं, टाच दाबली, तिथून पलीकडे गेले, तिथेही दाबली. तब्बल दहा मिनिटं ते त्या डागांवर हिंडत होते. "च् च् च्. काय हो हे? एवढे दिवे असून?"

"ऊन कमी पडलं ह्या बाजूला," साडू म्हणाला. त्याने दुसरीकडे पाहिलं.

बुरशी ओळखायला माळीबुवांना एवढा वेळ लागायला नको होता. दुसऱ्या कुणाच्या मैदानावर असते तर लांबूनच ओळखून उलट्या पावली फिरले असते. पण त्या क्षणी त्यांना समोर बुरशी दिसतच नव्हती, साडूची फजिती दिसत होती. ती बघून डोळे निवत होते.

निघताना फाटकापाशी साडू थांबला. "साडूभाऊ, तुमचे बूट..."

"काय बुटांचं?"

"काही नाही. नवे वाटतात."

"सहा वर्षांचे आहेत!" माळीबुवा हसले आणि परतीच्या वाटेवर बायकोला साडूच्या खंगलेल्या चेहऱ्याचं इतकं रसभरीत वर्णन ऐकवलं की तिने शेवटी तोंड फिरवलं.

मंगळवारी सकाळी ते शीळ घालत कामावर आले. शीळ घालत ते सव्वीस वर्षांत कधी आले नव्हते. अवजारांच्या खोलीतून यंत्र काढलं, ढकलत वाटेवर आणलं, घमेलं मध्ये आलं ते चाकाने बाजूला सारलं आणि तसेच आत गेले. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत, सगळं मैदान कापून काढलं. ज्या माणसाने अध्यक्षांना घमेल्यात उभं केलं होतं तो माणूस.

बाराव्या दिवशी पहिला ठिपका दिसला.

माळीबुवा गुडघ्यांवर बसले. मग हातही टेकले. एक ठिपका नव्हता, सात होते. गोलसमोर जास्त, मध्यावर तुरळक. आधी त्यांनी पाहुण्या संघाला शिव्या दिल्या. मग रेफरीला. मग उठून घमेल्यापाशी आले. ते अजून वाटेच्या कडेला सारलेलं तसंच पडलं होतं, पाणी आटलेलं, तळाला एक वाळकं पान. चाकाने ते कुणी सारलं होतं हे त्यांना आठवलं, आणि तोंडचं पाणीच पळालं.

त्याच दुपारी क्लबचे सेक्रेटरी हसत हसत आले. "माळीबुवा, आता आपण दुसरे. असेच राहिलो तर वर जातोय! फक्त लीगचे तपासनीस मैदान बघायला येणार आहेत, तीन आठवड्यांनी. दुसऱ्या विभागाचे नियम कडक. मैदान नापास झालं तर आपल्याऐवजी तिसऱ्या नंबरचे जातील. पण तुम्ही असताना काय काळजी!" आणि मैदानाकडे निघाले. माळीबुवा आडवे आले. "आज औषध मारलंय. कुणी आत जायचं नाही."

"बूट बुडवूनसुद्धा?"

"बुडवूनसुद्धा," माळीबुवा म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा काही निघाला की सेक्रेटरी परत फिरले.

औषध त्यांनी खरंच मारलं. रोज पहाटे दव पडलं की लांब काठीने झटकून काढलं, कारण ओल्या पात्यांवर बुरशी चढते. मध्यावरचे ठिपके थांबले. गोलसमोरचे थांबेनात. मॅचमध्ये तीच जागा तुडवली जायची. शेवटी, तपासणीला अकरा दिवस असताना, त्यांनी फावडं घेतलं आणि गोलसमोरची हिरवळ मुळासकट खरवडून काढली. एका मोठ्या खोलीएवढी उघडी माती पडली. विकतची पातळ हिरवळ आणून घातली तर ती मुळं धरायला महिना घेते. त्यावर टाच दाबली की चटईसारखी सरकते. लागणार होती ती जाड कापाची, खाली चार बोटं मातीसकट, जी टाकल्या दिवशी खेळायला चालते. अशी हिरवळ कुणाकडे आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. स्टँडमागे. त्यांना फिरवून दाखवली होती.

त्या शनिवारी साडूचा क्लब घरच्या मैदानावर हरला आणि तीन मॅच शिल्लक असतानाच पहिल्या विभागातून घसरला. टीव्हीवर माणसं रडत होती. माळीबुवांच्या पुढे ताट होतं. ते तसंच राहिलं.

"अहो, ते उतरले की," बायको म्हणाली. "दोनदा वाढायची तयारी ठेवली होती मी."

"भूक नाही."

"काय झालंय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. ठिपके, माती, घमेलं, सगळं. बायकोने त्यांचं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझ्या बहिणीकडे गेलात ते तिच्या नवऱ्याची बुरशी बघायला. आणि येताना घेऊन आलात."

"हो."

"फोन लावते. तुम्ही बोला."

"नको."

"मग मी सांगते त्यांना."

"तू नको!" ते ओरडले. चार दिवस ते असंच 'नको' म्हणत राहिले. तपासणीला सात दिवस उरले तेव्हा त्यांनी स्वतःच फोन उचलला, आणि बायको खोलीतून बाहेर जाईपर्यंत नंबर लावला नाही. ती दाराआड उभी राहिली, हे सांगायला नकोच.

"साडूभाऊ," माळीबुवा म्हणाले, "मला हिरवळ हवी आहे."

 पलीकडून एकच शब्द आला. "किती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू ट्रक घेऊन आला. जाकीट नव्हतं अंगात. खाली उतरला, न सांगता घमेल्यापाशी गेला आणि त्यात उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"पुरे, पुरे. पाय गळून पडतील," माळीबुवा म्हणाले.

दोघांनी मिळून गुंडाळ्या उतरवल्या. पहिली गुंडाळी उलगडल्यावर माळीबुवांनी पात्यांवरून हात फिरवला आणि त्यांना परत एकदा तेच, ओळखीचं, पोटात दुखलं. काय हिरवळ होती! दाट, गडद, एकसारखी. मागायला गेलो आणि वर जळतोय, असं त्यांना वाटलं. पण वाटल्याने जळणं काही थांबत नाही.

सासऱ्यांनी शिकवलं होतं तसं दोघे फळीवर गुडघे टेकून मागे मागे सरकत कडा जोडत होते. हात आपोआप जुळत होते. अर्धं काम झाल्यावर साडू मान वर न करता म्हणाला, "मला त्या दिवशी सांगता आलं असतं."

"काय?"

"की बुरशी आहे, आत येऊ नका. फाटकापाशी बुटांचं सांगणारही होतो."

माळीबुवांचा हात थांबला. "मग का नाही सांगितलंत?"

"क्लबात कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती." साडूने एक कड ठोकून बसवली. "आणि तुम्ही इतके खुशीत होतात. तुमचा क्लब वर चाललेला. मनात आलं, बघू या ह्यांचं तरी किती टिकतं."

"असं आलं मनात?"

"आलं. आणि आजचं नाही ते. बाबांनी हे मैदान तुम्हाला दिलं तेव्हापासूनचं आहे. मला परक्याच्या दारात पाठवलं आणि आपलं तुमच्या हाती दिलं. तिकडे सहा माणसं आहेत हाताखाली, पण मैदान राखणारा कोण, हे एका खेळाडूला माहीत नाही. इकडे अध्यक्ष घमेल्यात उभे राहतात म्हणे."

आता खरं तर माळीबुवांनी चिडायला हवं होतं. ह्या माणसाने जाणूनबुजून तोंड मिटून ठेवलं होतं आणि क्लबची बढती हातची जायची वेळ आली होती. ती वाचेल की नाही तेही अजून ठरायचं होतं. पण ते चिडले नाहीत. आपल्यावर कुणीतरी इतकी वर्षं जळत होतं, आणि तेसुद्धा ह्याने! दिवेवाल्याने! हे त्यांच्या अंगात गरम चहासारखं उतरत गेलं. इतकं गोड त्यांच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

"पाहुण्याबाईसुद्धा उतरल्या होत्या," ते म्हणाले. "चपला घालून."

"काय सांगता!"

"विचारा सेक्रेटरींना." मग जरा वेळाने, "तुमचं काय पण? हा पट्टा तुमच्या गोलसाठी होता ना?"

"आम्ही उतरलो, साडूभाऊ. आता उन्हाळाभर मला दुसरं काम काय आहे?"

ठरल्या दिवशी तपासनीस आले. उंच, चष्मेवाले, हातात वही. न सांगता घमेल्यात उतरले, तेव्हाच माळीबुवांना माणूस पसंत पडला. त्यांनी सगळं मैदान पायाखाली घातलं, मध्यावरच्या बुजत आलेल्या ठिपक्यांपाशी थोडे रेंगाळले, वहीत काहीतरी लिहिलं. मग गोलसमोर आले. टाच दाबली. परत दाबली. हिरवळ हलली नाही. 

"पास," तपासनीस म्हणाले. "हा भाग तर अप्रतिम आहे. बाकीचं मैदानही असं करा."

सेक्रेटरींनी माळीबुवांना मिठी मारली. माळीबुवांनी मारून घेतली. पण 'बाकीचं मैदानही असं करा' हे वाक्य त्यांच्या कानातून काही जाईना.

क्लब दुसरा आला आणि वर चढला. पुढच्या मोसमाचा मॅचचा कार्यक्रम पेपरात छापून आला तेव्हा दोन्ही क्लब एकाच यादीत होते, दुसऱ्या विभागात. बहिणींनी फोनवर लगेच ठरवून टाकलं की दोन्ही मॅचना शेजारी शेजारी बसायचं आणि नवऱ्यांकडे बघायचं नाही. आता तक्ता एकच. माळीबुवांना तो वरून वाचावा की खालून, हे अजून ठरवता आलेलं नाही.

उन्हाळाभर त्यांनी मैदानासाठी जिवाचं रान केलं. बी पेरलं, खत घातलं, पाणी मोजून दिलं. गोलसमोरच्या तुकड्याला मात्र खत नाही, पाणीही हातचं राखून. यंत्र त्यावरून एकदा जास्त फिरवायचे, पातं जरा खाली लावून, बाकीच्या गवताच्या बरोबरीला यावा म्हणून.

"बिचाऱ्याला कशाला छळता?" डबा घेऊन आलेली बायको एकदा म्हणाली.

"छळत नाही. रंग जुळवतोय."

तिने स्टँडच्या पायरीवरून पाहिलं. सगळं मैदान हिरवं होतं, आणि गोलसमोरचा तो खोलीएवढा चौकोन त्याहून हिरवा.  तिने डबा उघडला. माळीबुवांनी घमेल्यात बूट बुडवले आणि यंत्र घेऊन ते पुन्हा आत गेले.